दादाचा सिनेमा

...नाही, पण मी तोंड उघडायचं कारणच काय होतं? तुम्हाला सांगतो, आमच्या कारखान्यात सिनेमावाले आले. कामगारांच्या जगण्यावर गुन्हेगारीचा सिनेमा काढायचा, तोही अगदी खराखुरा, म्हणून दिग्दर्शक आठवडाभर माझ्या लेथ मशीनशेजारी स्टूल टाकून बसला. 'तुम्ही बोला हो, मी नुसता ऐकतो.' आता घरी माझं ऐकतं कोण? बायको म्हणते, 'आधी गॅस बंद करा, मग बोला.' आणि इथे शिकलासवरला माणूस वही उघडून बसलेला... सुटलोच मी. आमच्या दादाचं सगळं सांगून टाकलं. याच कारखान्यातून त्याने कमरेला तांब्याची तार गुंडाळून न्यायला घेतली, गेटवर वॉचमन म्हणाला, 'सकाळी एवढं पोट नव्हतं तुझं,' मग झटापट, वॉचमनचा हात मोडला, दादा दोन वर्षं आत. सांगताना रडलो. दिग्दर्शकही रडला. तोंड उघडायला नको होतं हो.

सिनेमा लागला तेव्हा दादा सुटून आमच्याकडेच राहत होता. पेपरातला फोटो बघून म्हणाला, 'हा आपलाच कारखाना ना? चल, बघू.'

'कशाला दादा, मारामारीचा आहे, डोकं दुखेल तुझं.'

'चल म्हणतो ना.'

गेलो दुपारच्या खेळाला. पडद्यावर तार, पोट, गेट, सगळं जसंच्या तसं, आणि मी खुर्चीत असा घसरत चाललो की शेजारच्या बाईंनी विचारलं, 'बरं वाटत नाहीये का?' दादा मात्र हलेना. मध्यंतरात चहा विचारला, तर 'नको.' तोंड उघडायला नको होतं, दुसरं काय...

आणि मग आला धाकटा भाऊ. म्हणजे मी. उंच, देखणा, दर महिन्याला तुरुंगात जातोय, जाळीला हात लावून 'दादा, मी आहे ना' म्हणतोय. सगळं थिएटर मुसमुसतंय. तेही मीच सांगितलं होतं. त्या वहीसमोर 'एकदाही गेलो नाही' हे तोंडातून निघेना... लोक काय म्हणतील या भीतीने दोन वर्षं त्या रस्त्याने सायकलसुद्धा नेली नाही मी.

बाहेर आलो. वाटलं, आता थोबाडीत बसते. तर दादा शांतपणे म्हणाला, 'माझं काम करणारा ठीकच होता. पण तुझं काम करणारा... माणूस चांगला वाटला रे.'

मी म्हटलं, 'हो दादा. मलाही तोच आवडला.'