फेविकॉल वाळायच्या आत

हॅलो? … हॅलो, कोण? … आवं, तुमी? आज कसा फोन? तुमचा तर रविवारी येतोय … व्हय, येतंय ऐकू. तुमास्नी येतंय का? … त्या सिग्नलच्या दगडावर उभं हायसा व्हय? मग हलू नका तिथनं.

न्हाई, धाप न्हाई लागली. … पळत न्हाई आले. काम करतीया म्हणून तसा आवाज येतोय. … कसलं म्हंजे, कामच … सोडू नका! दाबून धरा! … तुमास्नी न्हाई वो, तुमच्या आईला म्हटलं. … आत्या, त्यांचाच फोन हाय, धैर्यशीलरावांचा. हात नका काढू! बोलाय देते मागनं.

कुठं काय? … काई न्हाई. ते … कपाट. … कपाट म्हंजे कपाट. आपलं. तुमी फळ्या कापून, खाचा पाडून भिंतीला लावून गेलेला, ते. … जोडतीया. … कोण म्हंजे? मी. मी आन आत्या. … हॅलो? … हॅलो, हाय का लाईन? … हाय तर बोला की. 

व्हय, म्हणला हुता. "संयोगिता, हात लावू नको, मी आल्यावर जोडतो." पाठ हाय मला. पण कवा म्हणला हुता? यमाईच्या यात्रंला. आन आता गणपती तोंडावर आलं. … तुमचा दोष म्हणते का मी? सुट्टी अर्ध्यावर तोडून बोलावलं, जावं लागलं. ते समदं कळतंय. पण ऐका की … ऐका! त्या फळ्या रोज झाडताना हलवायच्या, परत लावायच्या. जेवता जेवता माणूस ताटावरनं उठून गेल्यागत वाटायचं बगा. लय वाईट वाटायचं. काल तुमी सांगितलं, सुट्टी पुढं ढकलली, आन मी म्हटलं, बास. आता आपुनच करायचं.

आन दुसरं. लग्नाला सात वर्सं झाली, माझ्या साड्या अजून तुमच्या काळ्या ट्रंकेत. वर तुमचं नाव आन नंबर रंगवलेला. नव्या माणसाला वाटायचं, साड्याबी मला पलटणीनंच दिल्यात.

हसू नका. हसाय येळ न्हाई. फेविकॉल लावून झालाय. … समद्या खाचांत. … चारी कोपऱ्यांत, मधल्या फळीलाबी. … आता कसं थांबू? तुमीच सांगितलं हुतं न्हवं, वीस मिनटात धरतोय म्हणून? त्यातली पाच गेली माझी-तुमची भांडणात. वाकडं धरलं तर दारं बसायची न्हाईत, आन एवढा प्लाय चुलीत घालायची पाळी. मग आणखी सात वर्सं ट्रंक. तवा तोंड सोडू नका, काम सांगा.

हां, असं बोला. … पालथं घातलंय, तोंड खाली. मागची बाजू वर. … मागचा पातळ प्लाय अजून ठोकला न्हाई. … बरं केलं ना? … फळ्या आवळून धराय दोन शिकंजं लावलेत. एक वर, एक खाली. … दिसतंय की सरळ. … डोळ्याला सरळ दिसतंय म्हणते मी. … डोळा फसवतो. बरं. मग? … काटकोन बगाय गुण्या लावला हुता. एका कोपऱ्याला चपखल बसला, दुसऱ्याला जरा फट दिसती. … तेवढा छोटा गुण्या काय सांगणार? बरं, मग काय लावू?

कर्ण? भूमितीतला? … या कोपऱ्यातनं समोरच्या कोपऱ्यात, तिरकं. मग दुसऱ्या बाजूनं तसंच. दोनी सारखं आलं की कपाट गुण्यात. … कळलं वो. दहावीला भूमितीत तुमच्यापरीस जास्ती मार्क हुतं मला. … तुमच्या आईनंच सांगितलं तुमचं मार्क.

टेप? टेप कुठं हाय माहिती हाय का? … तुमच्याजवळ. … बगा बॅगेत. … सापडली न्हवं? ती तिकडं काय मापती? … शिलाईची टेप हाय माझी. … का न्हाई चालत? … ताणती. आं, ते खरं हाय, ब्लाउजच्या मापात मला दोनदा घात झालाय. … काठी? कसली काठी? … थांबा, मच्छरदाणीची हाय. लांबीला पुरती का बगते … पुरती. उलट जादाच हाय.

थांबा हं, फोन कानाला बांधते. … स्कार्फनं. दोनी हात मोकळं पायजेत मला. … दिसायचं काय? कोण बगतंय? आत्याच हायत. त्या हसतायत. हसू द्या.

आत्या, काठीचं हे टोक त्या कोपऱ्यात रुतवून धरा. रेटू नका, नुसतं टेकवा. … हां. इकडं मी पेन्सिलीनं खूण करते. … झाली. आता दुसऱ्या कोपऱ्यातनं. … नीट हाय? टेकलं? … आवं, दुसरी खूण पुढं आली! … बोटभर. … बोटभर म्हंजे माझं बोट, तुमचं न्हाई. … ओरडू नका! तुमी तिकडनं ओरडून हितलं कपाट सरळ हुतंय का?

शिकंजं? … वाकून बगते. … वरचा बरा हाय. खालचा … खालचा तिरका आवळलाय. … मी न्हाई आवळला. … आत्यानं आवळला. … न्हाई सांगत त्यास्नी. … आत्या, तो जरा सैल करा. सगळा न्हाई! जरासा. सरळ करून परत. … हां, बास बास. आता काठी … टेकवा … कमी झालं! निम्म्यावर आलं. अर्धं बोट ऱ्हायलं.

आता? … दोरी. … लांब कर्णावर, बाहेरनं. कोपऱ्याला पोतं घालून. मग मधी काठी घालून पीळ द्यायचा. … आत्या, दोरी बगा की, मजबूत, म्हशीचं दावं चालंल. … किती मिनटं झाली? … आठ? आजून बारा हायत. … तुमी तिकडं घड्याळ लावून बसलासा? बरं झालं. … आत्या! आवं, म्हशीच्या गळ्यातलं कशाला सोडलंसा? खुंटीवरचं जुनं म्हटलं मी! … म्हस कुठं गेली? … परड्यात गेली. जाऊ द्या, चरंल तिथं. तुमच्या आईनं म्हस सोडली वो. … न्हाई, पळत न्हाई ती. तुमच्यासारखी न्हाई.

बांधलं. आता पीळ कशानं देऊ? … हाताशी काय हाय? … लाटणं हाय. … व्हय, चपातीचं लाटणं! … चांगलं बाभळीचं हाय, मोडायचं न्हाई. … एक पीळ. … दोन. … दोरी वाजाय लागली. … मापते. आत्या, काठी! … आवं! आवं वाढलं की! अर्ध्याचं पाऊण बोट झालं! … हॅलो? … लांब कर्णावरच बांधलीया. … का न्हाई? … थांबा, पेन्सिलीची खूण … लांब हा न्हाई, तो हाय. … व्हय, आखूड बाजूला बांधली. … मीच बांधली. कबूल. भूमितीचं मार्क काढू नका आता.

सोडते. … सोडली. … आत्या, इकडनं घाला … ह्या कोपऱ्यातनं त्या. … फेविकॉल अजून ओला हाय, बोटाला लागतोय. … लाटणं घातलं. एक. … दोन. … मापा. … आलं जवळ! … आजून अर्धा पीळ. … जरा जास्ती ओढू? का? … सोडल्यावर मागं येतंय. बरं, एक केस जास्ती. … लाटणं कुठं अडकवू? … मधल्या फळीला टेकवून. … हां, बसलं. फिरत न्हाई आता.

मापते. … खूण … आन ही खूण … रेघेवर रेघ! आवं, एकच रेघ दिसती! दोनी सारखं! … आत्या, झालं! … तुमच्या आई देवाला साखर ठेवाय निघाल्या. … आत्या, थांबा, साखर मागनं! मागची फळी ठोकायची हाय आजून.

ठोकू ना? … का? आता काय ऱ्हायलं? … पिळवटलंय का ते बगायचं. कसं बगायचं? … खाली वाकून, एक डोळा मिटून, हिकडची कड आन पलीकडची कड एका रेघेत दिसली पायजे. … थांबा, आडवी पडते. … हसू नका आत्या. … हां. दिसतंय. … न्हाई. न्हाई, एका रेघेत न्हाई. डावीकडचा कोपरा खाली गेलाय. … पण दोनी कर्ण सारखं आलं की वो! … सारखं असून पिळवटतं व्हय? चादर पिळल्यासारखं? … मग दार लावलं तर वरनं टेकंल आन खालनं उघडं. … देवा.

खाली? खाली काय असणार, फरशी. … सोप्यात. … कुठल्या अंगाला म्हंजे? मोरीच्या अंगाला. जागा तिथंच मोकळी. … डावा कोपरा? मोरीच्या तोंडाशीच. … आवं … आवं थांबा. ती फरशी कुणी बसवली? … न्हाई न्हाई, सांगा, कुणी बसवली? … मागल्या सुट्टीत. चार दिवस गुडघ्यावर बसून. "पाणी सांडलं की आपोआप कोपऱ्यात पळालं पायजे," कोण म्हणत हुतं? … पळतंय की! पाणीबी पळालं, आन कपाटाचा कोपराबी पळाला!

आता का खोकताय? … कोण हसतंय मागं? … समदी ऐकतायत व्हय? त्या दगडासाठी किती जण रांगेत हायत? … सात? आन माझा आवाज एवढा मोठा येतोय? … मग नमस्कार सांगा त्यास्नी. आन म्हणावं, ह्यांच्याकडनं फरशी बसवून घेऊ नका. … व्हय, पुढच्या भावजींना म्हणावं, पाचच मिनटं, फेविकॉल लावलाय. … आई ग, "माझा रांगेतला नंबर वहिनींना द्या" म्हणाले? किती चांगली माणसं!

बरं, त्या कोपऱ्याखाली काय सारू? … आत्या, तुमची चप्पल … बरं बरं, नको. तुमच्या आई म्हणत्यात, नव्या वस्तूखाली पायतान नको. … व्हय, बरोबर हाय त्यांचं. … पुठ्ठा हाय, साडीच्या खोक्याचा. दुमडून सारते. … वाकून बगते … आजून जरा. … आजून एक घडी. … आली! दोनी कडा एका रेघेत! … पुन्यांदा कर्ण? बरं, पुन्यांदा. … आत्या, काठी. … सारखंच. केसाचाबी फरक न्हाई.

ठोकते आता. … एका कडेनं सुरू करायचं. … ऐका हं. … ऐकलंसा? तुमचाच हातोडा हाय, दांडा सुटत हुता त्यो. पाचर मारली मी. … बोट न्हाई ठेचलं. … दुसरी कड. … बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्यानं पुसते. … झालं. … झालं वो. … किती मिनटं झाली? … सतरा? बघा. तीन उरली.

दावं कवा सोडू? … उद्या सकाळपतोर न्हाई? आन लाटणं? … तेबी न्हाई? … आत्या, आज चपात्या न्हाईत, भाकरीच थापायच्या. लाटणं कपाटात अडकलं. … त्या म्हणत्यात, माझा पोरगा घरात नसतानाबी घर उलटंपालटं करतोय.

हॅलो? … हाय का? … मग आवाज का बारीक झाला? … थंडी वाजती का? … मग? … बोला की. पोरं ऐकतायत म्हणून लाजताय व्हय? … हां. … हां, माहिती हाय मला. … तुमच्या हातानं करायचं हुतं तुमास्नी. … सात वर्सं तुमीबी ते मनात धरलं हुतं, मला काय कळत न्हाई? … आवं, कापलं कुणी? खाचा कुणी पाडल्या? मी नुसतं चिकटवलं. आन तेबी तुमच्या तोंडानं. … तुमी नसता तर मी आखूड बाजूनं ओढत बसले असते, आन म्हस गेली असती रानात.

उद्या? उद्या कपाट उलटून उभं करायचं. दोघी मिळून करतो, शेजारच्या जोतीराम भावजींना हाक मारीन. … बिजागऱ्या हायत, तुमी आणलेल्या, कागदात गुंडाळून ठेवल्यात. … तीन-तीन, वर, मधी, खाली. … व्हय, स्क्रूचं भोक आधी बारीक पाडायचं. … ऐकलं समदं. पण मी लावणार न्हाई. … दारं. लावणार न्हाई. … येतंय की मला! हे आलं तर ते का येणार न्हाई? पण न्हाई लावणार. … खोकं मी केलं. दारं तुमची.

ते मला माहिती हाय, सुट्टी कवा मिळंल सांगता येत न्हाई. … दिवाळीला न्हाई तर न्हाई. संक्रांतीला न्हाई तर न्हाई. … ऱ्हाऊ दे उघडं. … दिसू दे साड्या समद्या गावाला. हायत की चार चांगल्या. … न्हाई, जोतीराम भावजीबी लावायचं न्हाईत. कुणी हात लावायचा न्हाई. … विचारू दे! विचारलं कुणी, कपाटाला दारं कशी न्हाईत, तर सांगीन, दारं ड्यूटीवर हायत. येतील.

… हसतायत व्हय समदी? … आन तुमी? … हॅलो? … आवाज तुटतोय … हॅलो, ऐकतायसा न्हवं? जपून ऱ्हावा, आन कानटोपी … हॅलो? … हॅलो? …

गेला. … न्हाई आत्या, सिग्नल गेला. येईल परत रविवारी. … चला, म्हस कुठं हाय बगूया आधी.