ओढ्याकडच्या बोअरचं काय झालं?

वैशालीताईंच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना आणि ताईंच्या मिस्टरांना, रमेशभाऊंना, माझा नमस्कार. मी फारूक. इमारतींची डिझाइनं करणाऱ्या आमच्या भोसरीच्या ऑफिसात वैशालीताईंच्या शेजारच्या टेबलावर बसतो. बोलायला उभा राहिलोय खरा, पण दुःखापेक्षा रागच जास्त येतोय. रमेशभाऊ, माफ करा.

आत्ता सगळ्यांनी सांगितलं, ताई फार शांत होत्या. कोण शांत? आमच्या ताई? भूकंप आला तर खालची जमीन कशी हलेल, हे त्या कम्प्युटरवर मांडून बघायच्या. दगडात हादरा येतो आणि निघून जातो. नदी-ओढ्याच्या गाळात तो अडकतो, वाढतो, घुमत राहतो. कुणाला पटलं नाही की ताई जेवणाचा डबा उघडायच्या आणि टिचकी मारायच्या. "भाकरी हलली का? आता दही बघ."

निघोज्यात शेठ त्यांच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी वसतिगृह बांधतायत. शेठ इथंच बसलेत. भूमिपूजन ईशान्य कोपऱ्यात झालं. पायाखाली दगड आहे का माती, ते तपासायला बोअरचं मशीन तिथंच आणलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि तिथंच बोअर मारला. लागला काळा दगड. सगळे खूश! अहो, लागणारच. तो कोपरा टेकाडावर आहे. अर्धी इमारत जुन्या ओढ्याच्या गाळावर येतेय, तिकडं कोण बघणार?

ताई म्हणाल्या, शेठ, ओढ्याकडं एक बोअर घ्या. शेठ म्हणाले, पूजा झालेली जागा सोडून दुसरीकडं कशाला खोदायचं? आमचे डिझाइनवाले साहेब म्हणाले, आपल्याकडं सगळा दगडच आहे, सॉफ्टवेअरमध्ये दगड टाका आणि मोकळ्या व्हा. ताई भडकल्या. "मी कम्प्युटरला खोटं सांगितलं, तर तो तेच खोटं रंगीत चित्रं काढून मला परत देईल." रिपोर्टवर सही केली नाही त्यांनी.

हॉस्पिटलातून मला फोन करायच्या. "फारूक, बोअर झाला का रे?" तब्येतीचं विचारलं तरी तेच. बोअर झाला का? दर वेळी सांगावं लागायचं, नाही झाला.

ताई गेल्या. आणि काल मला निरोप आला, आता सही तू कर, पाया भरायचाय. म्हणजे त्यांच्या जाण्याचीच वाट बघत होतात का? त्या खोल्यांत कोण झोपणार आहे? बीडहून, नांदेडहून आलेली माणसं, शिफ्ट संपवून. मी सही करणार नाही. इथं, सगळ्यांसमोर सांगतो.

शेठ, ताईंच्या फोटोला हार घालायच्या आधी मला सांगा. ओढ्याकडचा बोअर घेणार का?

…

बरं. मंडळी, श्रद्धांजलीला उभे राहू या. वैशालीताई, तुम्हाला सलाम. दोन मिनिटं झाली का म्हणून घड्याळ कुणी बघू नका. शेठनी उत्तर दिलं की मगच बसायचं.