हवेतले आबा

आमचे आबा हवेत तरंगले होते, ते सांगितलं का तुम्हाला? चोपड्याला केळीच्या बागेत मी वडिलांना स्टुलावर उभं केलं, फोटो काढला आणि मोबाईलवर स्टूल पुसून टाकलं. आबा फोटो डोळ्यांजवळ धरून विचारत राहिले, “मग मी पडनू कसा नही?”

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच पिंपळनेरहून आबांच्या थोरल्या बहिणीचा, अक्काआत्याचा फोन आला. एका लग्नातल्या मानपानावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. मी फोन स्पीकरवर टाकून आबांसमोर धरला.

“काय रे, या वयमा उड्या मारस? पाय मोडी जाई ना!”

मी म्हणालो, “आत्या, अगं तो फोटो...”

आबांनी पटकन फोनवर हात ठेवला.

“खरं सांगू नको,” ते हळूच म्हणाले. “बोलू दे तिले.”