वजनकाट्यापाशी

— नागपूरले म्हनता? मंग बसा ना गुरुजी, उभे कायले राह्यले? बारकी गाडी यवतमाळवरून अजून आली नाई, दारव्ह्याले ते रोजच उशिरा येते. पेटीले हात नका लावू. मी ठेवली, मीच उचलतो. या टेसनावरचे हमाल हसतात मले, पूनमसिंगचं खूळ म्हनतात. खूळ नाई ते. आमचे बाप-आजे बैलांवर मीठ लादून मुलुखभर फिरले, त्याईचा नेम हाये. ज्यानं गोनी उतरवली त्यानंच उचलाची. अन् गोनीपाशी राखनीले ज्याले बसवलं त्यानं हलाचं नाई — पानी येवो, ढोर येवो — ज्यानं बसवलं तोच येऊन हात धरून उठवन तवाच उठाचं. आता बैल गेले, मीठ गेलं, नेम तेवढा राह्यला. माही याडी, म्हंजे माय हो, आमच्या तांड्यात मायले याडी म्हनतात, ते तर नेमाची लई पक्की.

एक काम कराल काय माह्यं? मूर्तिजापूरले मोठ्या गाडीत बसले का नागपूरले उतराल. तिथं पुलावरून तीन नंबरच्या फलाटावर जा. पारसलाचा लोखंडी वजनकाटा हाये, एवढा मोठा, त्याच्या मांगं पाहा. एक म्हातारी बसली हाये काय, एवढंच पाह्याचं. आरशाचा घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोयानं दिसत नाई. मोतीबाई नाव. बोलाचं नाई तिच्याशी, नुसतं पाह्याचं, अन् परत येसान तवा मले सांगाचं. मी इथंच असतो, कुठी जातो मी?

कवाची गोष्ट म्हनता? आपला मुलुख मुंबई राज्याले जोडला ना, त्या दिवाळीच्या मांगची. सहा वर्षं झाले. याडीचे डोये गेलते, म्हून मी तिले नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डाक्टर म्हने, उशीर झाला, आता उजेड येत नाई. झालं. आलो वापस टेसनावर. ते टेसन पाह्यलं तुम्ही? लई वेळ नका पाहू, माह्यासारख्याचं डोकं फिरते. एकीकडून कलकत्ता, एकीकडून मद्रास, दिल्ली तिकडं, मुंबई इकडं — चारी दिशा येऊन एका जागी गाठ पडते, अन् जो तो आपापल्या दिशेले पयते. कोनाले कोनाकडं पाहाले टाईम नाई. मी याडीले काट्यापाशी बसवलं, गठुडं मांडीवर देल्लं, म्हनलं, याडी, मी गाडीचं इचारून येतो, हलू नको. ते म्हने, तू उठवशीन तवाच उठीन, बेटा. मी पूल चढलो, पूल उतरलो, सारे फलाट सारखेच, लोकाईनं ढकललं, गाडीत चढलो, गाडी सुटली. हरवली याडी. गर्दीत हरवली. अशी गोष्ट हाये.

शोधलं ना. काहून नाई शोधलं? लई — म्हंजे चौकशी केली. तिचा हात समोर आलता गुरुजी, असा, पालथा नाई, उताना. पायाचा आवाज आला का हात वर करे, तिले वाटे मीच आलो. एक हमाल आला, तिनं हात वर केला, तो बाजूनं निंगून गेला. मंग एक बाई आली, पुन्हा हात वर —

काय म्हनलं? कुठून पाह्यलं?

गाडीतून पाह्यलं. दाराच्या डांडीले धरून उभा होतो मी. गाडी चाल धरत होती, बैल चालते तेवढी, जास्त नाई. तीन नंबरवरच होती आमची गाडी, मी चुकलो नोतो. पाय खाली टाकला असता तं लेकरू बी उतरलं असतं. सहा दिवस गुरुजी, माही बाही धरून होती ते — जेवताना, झोपताना, मुतायले जाताना बी. तिनं काई त्रास नाई देल्ला. पन बाही सुटली अन् मले खांदा हलका वाटला. एवढंच झालं. म्हनलं, उद्या येतो वापस. उद्याचा परवा झाला. तांड्यात जमनी दारात उभी, माही बायको, म्हने, याडी कुठी? माह्या तोंडून निंगालं, गेली दवाखान्यात, तिथंच माती देल्ली. तेरावं बी केलं मी. सारा तांडा जेवला. मी बी जेवलो.

मंग शेत भावाले देल्लं, नेमसिंगले, अन् इथं येऊन हमालाचा लाल सदरा घातला. तांड्यातल्या मानसाले मी हे कधी इचारत नाई, परक्यालेच इचारतो. लई जन म्हनले, कोनी नाई तिथं. मले झोप लागे. पन औंदा एक बांगड्यावाला नागपूरवरून आला वापस. म्हने, काट्यामांगं म्हातारी हाये एक, हात पुढं करते, लोक भिकारीन समजून पैसे ठेवतात, अन् ते फेकून देते. कोनी उठवाले गेलं तं हात चाचपते, अन् म्हनते, हा नाई.

तवापासून डोयाले डोया नाई लागला गुरुजी.

आली पाहा गाडी. चला, पेटी घेतो. इथं खिडकीपाशी ठेवतो, बसा. सांभाळून जा — हे काय, हात कायले धरला माहा? मी? मी येऊ तुमच्यासंग? नाई हो. तिकीट तुम्ही काढसान, पन हात मलेच धरा लागन ना. तिनं माहा हात चाचपला अन् माह्या हाताले बी ‘हा नाई’ म्हनली तं?

गाडी हालली. सोडा. एक पाय टाकला का झालं म्हनता, तवा बी एकच पाय टाकाचा होता. काट्याकडं जाऊ नका तुम्ही. पेटी कोनी बी उतरवन तिथं, पेटीले काय, कोनाच्या बी हातानं उठते ते. हात सोडा, गुरुजी. सोडा म्हनतो ना.