सातव्या पिंजऱ्यातल्या बाळंतिणी

सर : जुनी वही फाटली होती, मावशी. नव्या वहीत सगळं उतरवून घेतलंय. खाली तेवढी सही करा.

मावशी : माझी वही फाटत नसते. बारा वर्षं या उंदरांचं खाणंपिणं मी बघते, दर वहीला पुठ्ठा घालते. यात सातव्या पिंजऱ्यातली बाळंतपणं कुठे गेली?

सर : ती महत्त्वाची नाहीत.

मावशी : पाच माद्या व्याल्या, सर. मादी समजून तुम्हीच आत नर सोडलात. मी म्हटलं, हा नर दिसतोय. तर म्हणालात, मावशी, तुम्ही आपला भुसा बदला.

सर : झाली चूक. पिल्लं वेगळी केली, विषय संपला.

मावशी : कसा संपला? छातीतल्या गाठींवरचं तुमचं औषध सहा, सात, आठ, तिन्ही पिंजऱ्यांना दिलं. सहा आणि आठमध्ये औषध न दिलेल्यांइतक्याच गाठी. कमी आहेत त्या फक्त सातमध्ये.

सर : तिन्हींची सरासरी धरतात. सरासरीत औषध लागू पडतंय.

मावशी : डोंबलाचं लागू पडतंय. लहान वयात व्यालेल्या मादीला गाठी कमी येतात, हे तुम्हीच पोरांना शिकवता. भुसा बदलताना मी कान घरी ठेवून येत नाही.

सर : तीन वर्षं घालवलीत मी यात. पुढच्या महिन्यात हे औषध बायकांना द्यायचंय. सही करायची नसेल तर या कामाला दुसरं माणूस मिळेल मला.

मावशी : खुशाल बघा. माझी सही मिळायची नाही.

सर : पण एवढं डोकं फिरायला झालं काय?

मावशी : माझी धाकटी बहीण तुमच्या यादीत आहे. छातीत गाठ आहे, अजून कॅन्सर नाही. डॉक्टर म्हणतात, काढून टाकू. ती म्हणते, ताईच्या सरांचं औषध येतंय, थांबते. मीच घरी सांगत होते ना, आमचे सर देवमाणूस म्हणून. आता लाज वाटते मला.

सर : मूलबाळ आहे तिला?

मावशी : बघा, पहिलं हेच विचारलंत. म्हणजे तुम्हालाही सगळं कळतंय. नाही, तिला मूल नाही.

सर : (पेनाचं टोपण लावत) तिला म्हणावं, औषधासाठी थांबू नकोस. गाठ काढून घे.

मावशी : हेच इथे लिहा, सर. मी लगेच सही करते.