बंद दारापुढची सभा

बसच्या रांगेत माझ्या पुढे दोघी नणंद-भावजय उभ्या होत्या.

“वहिनी, काल तुझ्या त्या यंत्रवेड्यांच्या क्लबाला किती टाळकी आली?”

“हसू नका हं ताई. दर रविवारी माणसं दिसली तरच सभेची ती खोली आम्हाला पुढेही मिळणार आहे. मी भाषण पाठ करून गेले, तर कुलपात किल्लीच फिरेना!”

“बोंबला! मग?”

“पर्समधला स्क्रूड्रायव्हर काढला आणि बसले दारापुढे. तेवढ्यात क्लबातले घड्याळजी आले. म्हणाले, सरका, तुम्हाला नाही जमायचं.”

“आगाऊच की!”

“मग लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या, त्यांनी घड्याळजींनाच सरकवलं. येईल तो पिशवी टाकून जमिनीवर! एक स्प्रिंग उडाली, तर अख्खा क्लब जिन्यात रांगतोय!”

“अगं, पण त्या खोलीला मागचंही दार आहे ना?”

“राखणदार तेच सांगायला आला होता, की मागचं दार उघडंच आहे. सगळे त्याच्यावर खेकसले, मध्ये बोलू नका म्हणून. थोड्या वेळाने तोही बसला बॅटरी धरून.”

“उघडलं का शेवटी?”

“उघडलं ना! केवढ्या टाळ्या! मग आत जाऊन खुर्च्यांवर बसलो, मी भाषण सुरू केलं, आणि एकेकाला घरची कामं आठवायला लागली.”

“अरेरे. म्हणजे पुढच्या रविवारी कुणी फिरकायचं नाही.”

“सगळे येतील.”

“कशावरून?”

“निघताना कुलूप मीच परत बसवलं, ताई. त्यातला हा एक स्क्रू बघा, माझ्या पर्समध्ये आहे.”