टॉरकिलचा बिल्ला

या, जवळ सरकून बसा. शनिवारी आमच्या लुइस बेटावरच्या बसमध्ये ऐकलेलं सांगते. म्हातारा टॉरकिल आणि त्याची थोरली बहीण मुर्दिना रविवारच्या प्रभुभोजनाच्या तयारीची उपासना आटोपून चर्चमधून घरी निघाले होते.

“साठ वर्षं उपदेश ऐकतोयस, पण प्रभुभोजनाला एकदाही बसला नाहीस. उद्याही मागच्याच बाकावर का रे?”

“ताई, देवाने आपली माणसं जग घडवण्याआधीच निवडलीत. मी त्यांत नसलो, तर प्रभूच्या त्या मेजाशी कुठल्या तोंडाने बसू?”

“आणि असलास तर?”

“तर तोच नेईल.”

“सकाळी बसमध्येही त्यानेच चढवलं वाटतं?”

“तू चढवलंस. ओरडून.”

“मला ओरडायला कुणी लावलं?”

“तुला कुणी लावावं लागत नाही.”

“हसू नकोस. आज उपदेशकांचा आवाज चढत चढत गाणंच झाला, तेव्हा तू रडत होतास. मी पाहिलं.”

“हो. मग तू बाहेर बायकांशी बोलत होतीस, तेव्हा मी चर्चच्या वडीलधाऱ्या पंचांकडे गेलो.”

“आपणहून?”

“पाय माझेच होते, ताई. पण रोज दुखणारे गुडघे तेव्हा दुखले नाहीत.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘किती वाट पाहायला लावलीस!’ हा बघ बिल्ला. उद्या हा दिला की मेजाशी जागा.”

“अरे माझ्या देवा! घट्ट धर, पाडशील.”

“धरलाय.”

“उद्या रविवार, बस बंद. तीन मैल चालशील?”

“चालेन. दुखले तरी चालेन.”

मंडळी, प्रार्थनेला बसाल तेव्हा आमच्या टॉरकिलची आठवण ठेवा, आणि त्याच्या गुडघ्यांचीही.